पावसाचे फोटो मागता, तर जागेसकट मागा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या पेपरात एक चौकट येते, तुमच्या भागात पाणी साचलंय का, फोटो काढा आणि या नंबरवर व्हॉट्सअॅप करा. उपक्रम चांगला आहे, लोकं पाठवतातही भरभरून, आमच्या लेआउटमधले पोट्टे तर पहिल्या मोठ्या सरीलाच फोन घेऊन गेटवर उभे असतात. पण दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो त्याच्याखाली लिहिलेलं असतं, "दक्षिण-पश्चिम नागपुरातील एका वस्तीत साचलेले पाणी". आता दक्षिण-पश्चिम नागपूर म्हणजे केवढा भाग आहे हो, त्यात कोणती वस्ती, कोणता चौक, नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, काही कळायला मार्ग नाही. आणि ज्याने फोटो पाठवला त्याच्या फोनला मात्र हे सगळं माहीत होतं, पार पाच-दहा मीटरपर्यंत. ती माहिती मधल्यामधे गळाली, आणि गळाली कशामुळे तर आपण व्हॉट्सअॅप करा म्हटलं म्हणून.

त्यासाठी हे पत्र. थोडं लांबेल, कात्री लावायची तर लावा, पण मधली कामाची गोष्ट ठेवा म्हणजे झालं.

कसं आहे, फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो काढल्याबरोबर त्या फाइलच्या पोटात अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, कोणता फोन, हे सगळं लिहिलं जातं, त्याला एक्झिफ म्हणतात, जपानमध्ये १९९५ साली ठरलेली पद्धत आहे आणि आजही जगभरचे कॅमेरे तीच पाळून राहिले. फोटोवर डोळ्याला हे काही दिसत नाही, गॅलरीत फोटो उघडून वर सरकवला की खाली छोटा नकाशा येतो ना, तो तिथूनच येतो. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो टाकला की तो फोटोचा आकार लहान करतो आणि हे पोटातलं सगळं काढून टाकतो. एचडी करून पाठवला तरी तेच. मात्र तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून जोडला तर फाइल जशीच्या तशी जाते, जागेसकट. ईमेलने पाठवला तरी बहुतेक वेळा जाते. म्हणजे आपल्या चौकटीत फक्त एवढं एक वाक्य वाढवलं, "कॅमेऱ्याचं लोकेशन चालू ठेवून फोटो काढा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा", की अर्धं काम झालं.

मला हे एवढं कसं माहीत, तर माझा धंदाच तो. मी एका ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर आहे, ड्रेनेज लाईन, सिमेंट रोड, फुटपाथ अशी कामं. आमच्याकडे आता जीपीएस फोटोशिवाय पान हलत नाही, खोदण्याआधीचा फोटो, पाईप टाकतानाचा, चेंबर बांधल्यावरचा, वर गिट्टी-मुरूम टाकल्यावरचा. रोजगार हमीच्या कामांतही काम सुरू व्हायच्या आधी, चालू असताना आणि झाल्यावर असे जागेसकट फोटो घ्यावे लागतात, घरकुलाच्या हप्त्यालाही लागतात. आणि गावाकडे तर ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, तेव्हापासून माझा काका, जो साधा फोटो काढायलाही नातवाला हाक मारायचा, तो वावरात उभा राहून पऱ्हाटीचा फोटो काढून सातबाऱ्यावर नोंद करून राहिला. नेटवर्क नसलं की धुऱ्यावर चढून हात वर करून उभा राहतो ते वेगळं. सांगायचं एवढंच की हे काही कॉम्प्युटरवाल्यांचं खूळ उरलेलं नाही, विदर्भातल्या खेड्यापाड्यात लोकं रोज जिओटॅग, म्हणजे जागेसकट, फोटो काढून राहिले, फक्त ते सगळे सरकारी फायलीत जाऊन बसतात, नकाशावर कोणाला दिसत नाहीत.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण यात भले भले गोंधळतात. आमच्या धंद्यात "जीपीएस फोटो" म्हटलं की लोकांना ते पट्टीवालं अॅप वाटतं, फोटोच्या खालच्या बाजूला काळी पट्टी येते, त्यात छोटा नकाशा, इंग्रजीत लांबलचक पत्ता, अक्षांश-रेखांश, तारीख, काहींमध्ये तर तापमान आणि वाऱ्याचा वेगसुद्धा. ती पट्टी म्हणजे फोटोवर छापलेलं चित्र, बाकी काही नाही. एका कार्यालयात मी असे फोटो लावलेली फाइल पाहिली, पट्टी एवढी मोठी की ज्या चेंबरच्या झाकणाचा फोटो आहे ते झाकणच पट्टीखाली गेलेलं, पत्ता मात्र पिनकोडसकट स्पष्ट. शिवाय फोनला अजून उपग्रह सापडलेले नसतील तर हे अॅप मागची जागाच छापून मोकळं होतं, माणूस उभा आहे मानेवाड्याला आणि पट्टीवर लिहिलेलं असतं छत्रपती चौक. आणि काही अॅपमध्ये जागा आणि तारीख हाताने टाकायचीही सोय आहे, का ठेवली असेल ते आमच्या धंद्यातल्यांना सांगायला नको.

नकाशाच्या कामाला ती पट्टी उपयोगाची नाही. नकाशावर फोटो चढवणारं सॉफ्टवेअर पट्टी वाचत नाही, ते पोटातलं एक्झिफ वाचतं. म्हणून साधा कॅमेरा वापरा, सेटिंगमध्ये लोकेशन टॅग चालू करा, बाहेर उघड्यावर आल्यावर दहा-वीस सेकंद थांबा आणि मग क्लिक करा, बस. पोटातलंही बदलता येतं हे मान्य, त्यासाठी फुकटात प्रोग्राम मिळतात, तेव्हा जिओटॅग आहे म्हणून कोर्टातला पुरावा झाला असं कोणी समजू नये. पण दहा घरांतून दहा फोटो आले आणि सगळे एकच गोष्ट सांगत असतील तर ती खोटी ठरवणं अवघड असतं.

आता हे सगळं कशासाठी, तर २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत १०० मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी असं घुसत गेलं, लोकं झोपेत होती, माणसं गेली, सामानाचं तर विचारूच नका. त्या दिवशी नागपुरात किती फोटो निघाले असतील याचा काही हिशोब नाही. सोफे तरंगतानाचे, गाड्या एकावर एक चढलेल्या, तळमजल्याच्या भिंतीवर चिखलाची रेघ. त्यातले फार थोडे आज जागेसकट, तारखेसकट कोणाला पाहायला मिळतात. बाकीचे ग्रुपवर फिरले, फिरता फिरता त्यांची जागा गेली, तारीख गेली, आणि आता दर पावसाळ्यात तेच फोटो "आत्ताचं नागपूर" म्हणून परत येतात, सोबत दुसऱ्याच कुठल्या शहराचे पण घेऊन येतात.

मला त्यातली चिखलाची रेघ सगळ्यात महत्त्वाची वाटते. एका ओळखीच्यांच्या घरी मी नंतर गेलो होतो, कंपाउंडची भिंत बिनप्लास्टरची, विटांची, त्यावर पाण्याची खूण मीटरच्या डब्याच्या खालच्या कडेला लागलेली. विटेचा एक थर मसाला धरून तीन-साडेतीन इंचाचा, थर मोजले की पाणी किती चढलं ते टेप न लावता निघतं. असा एक फोटो, ज्यात विटा मोजता येतात आणि पोटात जागा लिहिलेली आहे, तो दहा भाषणांपेक्षा जास्त सांगतो. अशा फोटोंचे ठिपके नकाशावर टाकले असते तर पूर कोणत्या गल्लीपर्यंत आला आणि कोणत्या गल्लीत थांबला याची रेषा लोकांनीच काढली असती, कोणाच्या अहवालाची वाट पाहावी लागली नसती. भिंती पुढे धुतल्या गेल्या, रंगवल्या गेल्या. पुढच्या वेळेसाठी तरी लक्षात ठेवा, फोटोत उंची कळेल अशी एखादी वस्तू येऊ द्या, फोन जी समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो तिच्यावर जाऊ नका, ती कित्येक मीटरनी इकडची तिकडे होते.

तारखेची पण एक गंमत आहे, ही आपल्या डेस्कवरच्या लोकांनी लिहून ठेवावी. फोटोच्या पोटात दोन वेळा असतात, एक फोनच्या घड्याळाची, म्हणजे आपली भारतीय वेळ, आणि दुसरी जीपीएसची, ती जागतिक वेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे २३ तारखेला पहाटे ५ वाजता काढलेल्या फोटोत जीपीएसची तारीख २२ सप्टेंबर, रात्रीचे साडेअकरा अशी दिसेल. कोणी म्हणेल हा तर आदल्या रात्रीचा फोटो, पूर यायच्या आधीचा, खोटा आहे. खोटा नाही बाप्पा, साडेपाच तास मिळवा.

आता लोकं म्हणतील, हे सगळं गूगल मॅपवर टाकता येतं की, त्यात पेपरचं काय काम. येतं ना, टाकतात पण. पण गूगल मॅपवर फोटो टाकताना तो एखाद्या ठिकाणाला चिकटवावा लागतो, दुकान, हॉटेल, मंदिर, दवाखाना, ज्याचं नाव नकाशावर आहे त्याला. त्यामुळे होतं काय, तर्री पोह्याच्या ठेल्याचे, सावजीच्या रश्श्याचे फोटो पोत्याने सापडतात, तर्रीवरचा तेलाचा थर किती जाड आहे ते मोजून घ्या इतके जवळून. पण दोन लेआउटच्या मधून जाणारा बिननावाचा नाला, त्यावरची तुटलेली रपट, महालातल्या वाड्यामागची बुजत चाललेली विहीर, यांना नावच नाही तर फोटो चिकटवणार कशाला. वर प्रत्येक फोटोमागे पॉइंट मिळतात म्हणून काही मंडळी एकाच मॉलचे जिने, लिफ्ट, पार्किंग असे फोटो टाकत बसतात, त्यांना हौस आहे तर असू द्या.

रस्त्यावरून कॅमेऱ्याची गाडी फिरवून जे स्ट्रीट व्ह्यू करतात, ते आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये रीतसर सुरू झालं तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होतं, नागपूर नव्हतं. उपराजधानीला यादीत मागे राहायची सवय आहे, त्याचं मी काही विशेष मनावर घेत नाही, पण गाडी कितीही फिरली तरी इतवारीच्या बोळात शिरणार कशी. तिथे पायी जाणाराच पाहिजे.

त्यापेक्षा थेट जागेला चिकटणारे, म्हणजे नाव असो नसो, अक्षांश-रेखांश असला की पुरे, असे दोन पर्याय मला जास्त पटतात. एक मॅपिलरी, स्वीडनमधल्या मंडळींनी २०१३ मध्ये काढलेलं, आता ते फेसबुकवाल्यांकडे आहे, चालत किंवा गाडीवरून ठरावीक अंतराने फोटो घेत गेलं की रस्ताच्या रस्ता नकाशावर चढतो, माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर ते आपोआप धूसर करतं, आणि ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून काढलेल्या खुल्या नकाशावर, काम करणारे लोक त्यावरून रस्ते, पूल, नाले नोंदवतात. दुसरं विकिमीडिया कॉमन्स, विकिपीडियाचे फोटो जिथे असतात ते. तिथे फोटो चढवला की ती साइट पोटातली जागा स्वतःच वाचते, आणि परवाना असा असतो की फोटो काढणाऱ्याचं नाव देऊन कोणीही तो वापरू शकतो, शाळेच्या पुस्तकात, पेपरात, कुठेही. तिथे आणखी एक बारकावा पाळतात तो मला आवडला, कॅमेऱ्याची जागा वेगळी आणि ज्याचा फोटो काढला त्याची जागा वेगळी. कारण जीपीएस सांगतं फोन कुठे होता ते, समोर काय होतं ते नाही. सीताबर्डीचा किल्ला बर्डीच्या मेट्रो स्टेशनवरून टिपला तर पिन स्टेशनवर पडणार, आणि फुटाळ्याच्या पलीकडच्या काठाचा फोटो अलीकडच्या चाटवाल्यावर. म्हणून फोटोखाली एक ओळ लिहायची, अमक्या ठिकाणाहून, अमक्या दिशेला पाहताना.

आणि फोटो एकाच कंपनीच्या भरवशावर ठेवायचे नाहीत. पॅनोरामिओ नावाची साइट होती, २००५ मध्ये स्पेनमधल्या दोघांनी सुरू केलेली, जगभरातल्या हौशी लोकांनी त्यावर जागेसकट फोटो टाकले, गूगल अर्थमध्ये जे छोटे चौकोन दिसायचे ते तिथलेच, २००७ मध्ये गूगलने ती घेतली आणि २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये बंद केली. लोकांची दहा वर्षांची मेहनत नकाशावरून उतरली. ज्यांनी मूळ फाइली घरी जपल्या त्यांचं काही गेलं नाही, बाकीच्यांचं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात पेरणी केल्यासारखं झालं. तेव्हा मूळ फोटो पेनड्राइव्हवर असू द्या, मग वाटेल तिथे चढवा.

जागा अचूक टाकायची म्हणजे काय याचा पण थोडा अंदाज असावा. आपण नागपूरवाले साधारण २१.१ उत्तर आणि ७९.० पूर्व या आकड्यांत राहतो. दशांशानंतर तीन आकडे लिहिले तर शंभरेक मीटरचा फरक राहतो, चार लिहिले तर अकरा मीटर, पाच लिहिले की मीटरभर. त्यामुळे कोणी "२१.१, ७९.०" एवढंच लिहून पाठवलं तर त्याने जागा सांगितलीच नाही, अख्खं शहर सांगितलं. आणि आठ-नऊ दशांश लिहिणारे पण असतात, त्यांच्या फोनला एवढं कळत नसतं, आकडे नुसते येतात. हाताने पिन टाकणारे तर कधी आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात, मग आपल्या गोकुळपेठ मार्केटचा फोटो जाऊन पडतो नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्ड बेटांपाशी बर्फात. थंडीच्या संत्र्यांचा फोटो असेल तर चालेलही म्हणा.

कॅमेरेवाल्या मंडळींनी, म्हणजे आपले प्रेस फोटोग्राफरही त्यात आले, आणखी एक बघावं. मोठ्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा जीपीएस नसतं, मग फोनवर ट्रॅक, म्हणजे किती वाजता कुठे होतो याची नोंद, चालू ठेवायचा आणि घरी येऊन वेळेवरून फोटो आणि ट्रॅक जुळवायचे. यात कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर पाहिजे. घड्याळ पाच मिनिटं पुढे आणि तुम्ही ताशी तीसच्या वेगाने स्कूटरवर, म्हणजे फोटो अडीच किलोमीटर सरकला, धरमपेठेतला खड्डा पार दुसऱ्याच झोनच्या माथी.

आपल्या शहराला तर मोजणीचा इतिहास आहे, झिरो माईलचा खांब आणि ते चार घोडे आपण पाहुण्यांना दाखवतोच, तिथे जीटीएसचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या देशाच्या मोठ्या मोजणीचा, १९०७ चा बेंचमार्क म्हणजे उंचीची खूण आहे, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट अशी तीन दशांशांपर्यंत उंची. तो भारताचा मध्यबिंदू आहे की नाही हा वाद घालायचा तर चहा मागवून बसावं लागेल, ते राहू द्या. पण ज्याने ही मोजणी मद्रासजवळून १८०२ मध्ये सुरू केली तो विल्यम लॅम्बटन अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, बैलांवर आणि माणसांवर लादून वीस वर्षं देश मोजत फिरला, आणि २० जानेवारी १८२३ ला हैदराबादहून नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. हिंगणघाट इथून दोन तासांवर पण नाही, रविवारी कोणी तिकडे गेलं तर त्या कबरीचे, आजूबाजूच्या परिसराचे, जायच्या वाटेचे असे नीट फोटो जागेसकट टाकावेत, ज्याने आपल्याला अक्षांश-रेखांश दिले त्याचा पत्ता तरी लोकांना सापडावा.

आता सावध कुठे राहायचं तेही लिहितो, नाहीतर माझ्या सांगण्यावरून कोणी नको ते करून बसेल. स्वतःच्या घरातले, लेकरांचे, नवीन घेतलेल्या गाडीचे फोटो जागेसकट कुठेही चढवू नका, त्यात घराचा दरवाजा असतो. जुनं फर्निचर विकायला टाकताना तर लोकेशन काढूनच टाका. आणि आपल्यासाठी म्हणजे पेपरवाल्यांसाठी तर ताजं उदाहरण नसलं तरी चांगलं उदाहरण आहे, अँटिव्हायरसवाला जॉन मॅकअॅफी डिसेंबर २०१२ मध्ये बेलीझमधून पळून लपलेला होता, एका मासिकाच्या पत्रकारांनी त्याच्यासोबतचा फोटो दिमाखात वेबसाइटवर टाकला, पोटात जागा तशीच, आणि सगळ्या जगाला कळलं की बुवा ग्वाटेमालात आहे. म्हणजे वाचकाचा फोटो जागेसकट मागवा, पण एखाद्या बाईने तिच्या स्वयंपाकघरात शिरलेल्या पाण्याचा फोटो पाठवला तर वेबसाइटवर चढवताना ती जागा काढून टाका, गल्लीचं नाव पुरे. मूळ आकडे तुमच्याकडे राहू द्या.

तसंच वाघाचं. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, आपण वाघांच्या मधोमध राहतो, आणि जिप्सीतून उतरल्याबरोबर लोकांना फोटो टाकायची घाई होते. वाघीण पिल्लं घेऊन कोणत्या नाल्यात बसली आहे ते पाच दशांशांत सांगायची काही गरज नाही, जे वाचतात त्यात सगळेच पर्यटक नसतात. आयनॅचरलिस्ट नावाची पशुपक्ष्यांच्या नोंदींची साइट आहे, तिथे धोक्यातल्या प्राण्याचा फोटो टाकला की जागा ते स्वतःच वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात धूसर करून दाखवतात, बरोबर करतात. सीताबर्डीच्या किल्ल्याच्या आत, कामठीला, वायुसेनानगरला जिथे फोटो काढू नका अशी पाटी आहे तिथे फोन खिशात, हे तर सांगायलाही नको.

आता शेवटची पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट, आपल्या पेपरच्या कपाटाची. आपल्याकडे जुने फोटो असणार, निगेटिव्ह असतील, प्रिंट असतील, उड्डाणपूल व्हायच्या आधीची बर्डी, मेट्रोचे खांब यायच्या आधीचा वर्धा रोड, जुम्मा तलावाचा काठ, नाईक तलाव आणि लेंडी तलाव आत्तापेक्षा मोठे होते तेव्हाचे, मारबतीची मिरवणूक त्या त्या वर्षीची. इतवारी-नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली, त्या गाडीचे, कुही-उमरेड-भिवापूरच्या स्टेशनांचे किती फोटो असतील. त्यातल्या बऱ्याचशा फोटोंच्या मागे पेन्सिलने एवढंच लिहिलेलं असणार, "बर्डी, गर्दी" किंवा "पूर". जागा लिहिलेली नाही कारण ज्याने काढला त्याला माहीत होती आणि तेव्हा वाचकालाही माहीत होती. आता आमच्या पोट्ट्यांना तो चौक दाखवला तर ओळखत नाहीत, आणि दहा वर्षांनी आपल्यालाही ओळखू येणार नाही.

हे फोटो हाताने जिओटॅग करता येतात. फोटो स्कॅन करायचा, नकाशा उघडायचा आणि जिथे फोटोग्राफर उभा असेल तिथे पिन टाकायची, कोणत्या दिशेला पाहतोय ते लिहायचं. जागा ओळखायला रिटायर्ड मंडळींसारखं कोणी नाही. ट्रॅफिक पार्कच्या बाकांवर सकाळी जे काका लोक बसलेले असतात त्यांच्यासमोर एक जुना फोटो ठेवून बघा, हा रेडिओचा बोर्ड अमक्या दुकानाचा, म्हणजे हा कोपरा तमक्याचा, मागे जो कडुनिंब दिसतो तो रस्ता रुंद करताना तोडला, असं म्हणत म्हणत अर्ध्या तासात दहा मीटरपर्यंत आणून सोडतील, भांडतील पण भल्ली, ते वेगळं. आपण दर रविवारी असा एक जुना फोटो छापा, "ही जागा कोणती" म्हणून, आलेल्या उत्तरांवरून पिन ठरवा, आणि ज्याचे हक्क आपल्याकडे आहेत तेवढे तरी फोटो कॉमन्सवर खुले करा. छापायला जागा नसेल तर ते राशिभविष्य एक दिवस थोडं बारीक टाइपात घ्या, कोणाचं काही बिघडणार नाही.

तर माझं मागणं असं की येत्या पावसाळ्यापासून चौकटीत ती डॉक्युमेंटवाली ओळ टाका, सोबत एक ईमेल द्या, फोटोखाली "एका वस्तीत" न लिहिता चौकाचं किंवा नाल्याचं नाव आणि वेळ छापा, आणि पाठवणाऱ्याला एकदा विचारा की फोटो खुल्या नकाशावर टाकू का. तो नाही म्हणाला तर नाही. हो म्हणणारे खूप निघतील असं मला वाटतं, कारण नागपूरकराला स्वतःच्या गल्लीबद्दल बोलायला कोणी विचारलं तर तो थांबत नाही. आणि कोणी विचारेल की फोनमध्ये लोकेशन चालू करूनही फोटोत जागा का येत नाही, तर बहुतेक वेळा कॅमेरा अॅपला लोकेशनची परवानगी दिलेली नसते, आणि अँड्रॉइड १० पासून तर दुसऱ्या अॅपलाही फोटोतली जागा वाचायला वेगळी परवानगी लागते, दोन्ही सेटिंगमध्येच आहेत.

आपल्या फोटोग्राफर आणि डेस्कवरच्या मंडळींना हे दाखवायला मी यायला तयार आहे, पैसे वगैरे काही नको. संध्याकाळी सातनंतर कधीही बोलवा, फक्त स्लॅब किंवा काँक्रीट असेल त्या दिवशी जमणार नाही, ते आदल्या दिवशी कळवतो.

आपला,
एक साइट सुपरवायझर आणि रोजचा वाचक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर